परत वर्गातच जायचं आहे, काळजी नको

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, पत्र मिळालं. डीन, म्हणजे लॉ स्कूलची प्रमुख, झाले तरी शिकवणं सुटलेलं नाही. पहिल्या वर्षाचा करार कायद्याचा तास मी हट्टाने ठेवून घेतला आहे. आई, जेवण-झोप वेळेवर आहे.

दादा म्हणाला, पाच वर्षांनी मला 'पुन्हा साधी प्राध्यापक' करणार हे ऐकून तुम्ही दोघं धसका घेतलात. तसं काही नाही हो. इथे अमेरिकेत डीनपद ज्येष्ठतेनं मिळत नाही आणि निवृत्तीपर्यंत टिकतही नाही. सोळा वर्षं याच लॉ स्कूलमध्ये शिकवून मलाही बाहेरच्या उमेदवारांसारखा अर्ज करावा लागला. एक अख्खा दिवस सगळ्यांना सामोरं जायचं: सकाळी प्राध्यापक, मग ग्रंथपाल आणि कार्यालयातली माणसं, दुपारी विद्यार्थी. पहिल्या वर्षाची एक मुलगी उठून म्हणाली, "फी वाढणार असेल तर आम्हाला आधी सांगाल की नंतर?" मी म्हटलं, आधी. तो शब्द आता पाळायचा आहे. मग माझ्याच सहकाऱ्यांनी दार लावून माझ्यावर चर्चा केली आणि मी खोलीत पेपर तपासत बसले. मुदत संपली की डीन परत वर्गात जातो, त्यात कमीपणा नाही. टेन्युअर, म्हणजे कायमची प्राध्यापकी, मला सातव्या वर्षीच मिळाली. खुर्ची गेली तरी ती जात नाही. आधीचे डीन माझ्या शेजारच्याच खोलीत बसतात, अडलं की मी त्यांचंच दार वाजवते.

बाबा, धर्मशास्त्राचे पंडित पां. वा. काणे यांचं तुम्हीच सांगायचात ना? १९४७ ते १९४९ मुंबई विद्यापीठाचं कुलगुरूपद सांभाळलं, आणि आपल्या 'धर्मशास्त्राचा इतिहास' या ग्रंथाचा शेवटचा भाग १९६२ साली, म्हणजे खुर्ची सोडल्यावर तेरा वर्षांनी पुरा केला. मला तेवढं जमणार नाही, पण वाट तीच आहे.

आई, "परक्यांसाठी एवढं कशाला मरतेस?" हे तुझं म्हणणं मनाला लागलं. इथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली गरीब भाडेकरूंचे खटले फुकट लढवतात. ते केंद्र पैशाअभावी बंद पडायला आलं होतं. गेल्या महिन्यात ते चालू ठेवायच्या कागदावर मी सही केली. बाबा शनिवारी ओसरीवर पक्षकारांकडून पैसे घेत नसत, आणि पाटावर बसून मी त्यांचे कागद लावत असे. ती माणसं तरी आपली कोण होती?

बरं, दादाच्या खात्यावर पैसे पाठवले आहेत. पगार वाढला आहे, संकोच करू नका. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन भाचीच्या लग्नाच्या आधीच उरकून घ्या, पुढे ढकलू नका.

आणि लग्नाचं. त्याच आठवड्यात आमच्या लॉ स्कूलच्या मान्यतेची तपासणी करायला समिती येते आहे, आणि त्या तीन दिवसांत डीनला हलता येत नाही. तारीख बदलून मागितली, नाही मिळाली. भाचीला मी लहानपणी कबूल केलं होतं की तिच्या लग्नात महिनाभर राहीन. आता समिती गेली की त्याच रात्री निघेन, म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पोहोचेन. तिकीट काढलं आहे. दादाला सांगायचा धीर झालेला नाही. आई, तू आधी सांगून ठेवशील का? रविवारी मी स्वतः फोन करते, भाचीशीही बोलते.

तुमची,
ताई