पिकअप छापता तसा किलोमीटरचा खर्चही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात गाड्यांचं पान येतं ते आमच्या घरी सगळे आवडीने वाचतात. मोठ्या पेट्रोल एसयूव्हीचा रिव्ह्यू असला की शून्य ते शंभर किती सेकंदात, सनरूफ केवढं, स्क्रीन किती इंची हे सगळं त्यात असतं, पण ही गाडी घरी आणल्यावर महिन्याला काय खाते याची एक ओळही नसते. मी स्वतः इंदूरमध्ये अशी तीन लिटरची पेट्रोल गाडी चालवतो, हौसेने चालवतो, म्हणूनच हे लिहितोय.

गाडी म्हणून यांना तोड नाही हे आधीच सांगतो. बीएमडब्ल्यू एक्स ७ चं पेट्रोल मॉडेल घ्या की मर्सिडीजची जीएलएस ४५० घ्या, दोन्हींत ३ लिटरचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन, नव्या मॉडेलला ३८१ हॉर्सपॉवर, आणि अडीच टनांच्या आसपासचं ते धूड सहा सेकंदांच्या आगेमागे शंभरचा स्पीड गाठतं. मानपूरच्या घाटात ट्रकांच्या रांगेतून ओव्हरटेक करायचा असला की पाय थोडासा दाबला तरी पुरतं, डिझेलसारखी घरघर नाही, मागच्या सीटवर आई निवांत झोपलेली असते. हे सुख खरं आहे आणि त्यासाठी पैसे मोजणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही.

पण तीच गाडी संध्याकाळी सातला पलासियाच्या सिग्नलवर आणा. दर सिग्नलला अडीच टन वजन उभ्यावरून हलवायचं आणि पुढच्या चौकात ब्रेक मारून ती सगळी ताकद डिस्कवर जाळून टाकायची, शहरातलं पेट्रोल असं जातं. माइल्ड हायब्रिडची, म्हणजे इंजिनाला हातभार लावणाऱ्या छोट्या मोटरची, ४८ व्होल्टची बॅटरी त्यातलं थोडंसं परत मिळवते, पण थोडंसंच. एसी लावून नुसतं उभं राहिलं तरी तासाला लिटर-दीड लिटर जातं. शहरात सहाचा अॅव्हरेज मिळाला तर खूप झालं, हायवेला ऐंशी-नव्वदने शांत चालवली तर दहा. पेट्रोल १०७ रुपये धरलं तर शहरात किलोमीटरला अठरा रुपये, आणि ९५ ऑक्टेनचं भरलं तर त्याहून जास्त. त्यात आता सगळीकडे ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश एनर्जी कमी, म्हणजे जुन्या गाडीचा अॅव्हरेज अजून थोडा खाली येणारच.

आणि तरी सांगतो, पेट्रोल हा यातला लहान खर्च आहे! लोक विचारतात फक्त तेच, "कितना देती है". वर्षाला बारा हजार किलोमीटर फिरलात आणि शहर-हायवे मिळून आठचा अॅव्हरेज धरला तर पेट्रोल दीड-पावणेदोन लाखांचं. पण सव्वा कोटीची नवी गाडी पाच वर्षांत निम्म्यावर आली तर वर्षाला बारा लाखांच्या वर नुसती किंमत उतरली, म्हणजे किलोमीटरला शंभर रुपये, गाडी पोर्चमध्ये उभी ठेवली तरी ते जाणारच. शिवाय नव्या गाडीचा इन्शुरन्स लाखांत. एकवीस इंची टायर चार बदलायचे तर लाख-दीड लाख वेगळे ठेवा, आणि आपल्याकडच्या खड्ड्यांत टायरच्या त्या कमी उंचीच्या साइडवॉलला, म्हणजे बाजूच्या रबराला, फुगा यायला वेळ लागत नाही.

मला खरी काळजी वाटते ती सेकंडहँडवाल्यांची. डिसेंबर २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्ली-एनसीआरमध्ये २००० सीसी आणि वरच्या डिझेल गाड्यांचं रजिस्ट्रेशन थांबवलं होतं, ते ऑगस्ट २०१६ मध्ये पुन्हा सुरू झालं, पण तेवढ्यात लक्झरी कंपन्यांनी मोठ्या गाड्यांत पेट्रोल इंजिनं आणायला सुरुवात केली होती. तिथे डिझेल गाडी दहा वर्षं आणि पेट्रोल गाडी पंधरा वर्षंच चालवता येत होती, म्हणून श्रीमंत गिऱ्हाईकही पेट्रोलकडे वळलं. त्या गाड्या आता सात-आठ वर्षांच्या झाल्यात आणि नव्या इनोव्हाच्या भावात इंदूरला येऊन मिळतायत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवरचा टॅक्स सेससकट ५० टक्क्यांवरून ४० वर आला, नव्या स्वस्त झाल्या तशा जुन्यांच्या किमतीही खाली आल्या. डीलर म्हणतो "भिया, मक्खन गाडी है, एक हाथ चली हुई", आणि आपल्या मराठी घरांतली नोकरीत नुकती स्थिरावलेली पोरं लोन काढून मोकळी होतात.

गाडीची किंमत उतरते हो, पार्टची उतरत नाही. पंचवीस लाखांत घेतली तरी तिला पार्ट लागतो तो कोटीच्या गाडीचाच. आमच्या शेजारच्या मुलाने अशीच एक घेतली, एका उन्हाळ्यात रोज सकाळी बघावं तर गाडी मागच्या डाव्या कोपऱ्यावर बसलेली, स्टार्ट केली की सावकाश उठायची, जवळ कान नेला की चाकापाशी बारीक फुस्स आवाज. एअर सस्पेन्शनच्या, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर गाडी तोलून धरणाऱ्या, रबरी फुग्याला उन्हाने चीर गेली होती, आणि गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालत राहिला म्हणून तोही जळला. फुगा आणि कॉम्प्रेसर मिळून जे बिल आलं त्यात बरी नवी मोटरसायकल आली असती, आणि दुसऱ्या बाजूचा फुगा तेवढाच जुना आहे तो आहेच. त्याला घेताना हे कुणीच सांगितलं नव्हतं.

ग्वाल्हेरच्या आणि उज्जैनच्या मेळ्यात गाडी घेतली की रोड टॅक्सवर ५० टक्के सूट मिळते म्हणून आपल्याकडे लोक बुकिंग थांबवून ठेवतात, म्हणजे हिशेब आपल्या लोकांना कळतो, पण तो शोरूमच्या दारापर्यंतच केला जातो.

म्हणून विनंती अशी की यापुढे कुठल्याही मोठ्या गाडीचा रिव्ह्यू छापाल तेव्हा शहरातला खरा अॅव्हरेज, चार टायरची किंमत, वॉरंटी संपल्यावरचा सर्व्हिसचा खर्च, एअर सस्पेन्शन असेल तर त्याच्या एका फुग्याचा भाव आणि पाच वर्षांनी रीसेल किती, एवढं एका चौकटीत द्या. माहिती सर्व्हिस सेंटरला आणि टायरच्या दुकानात विचारली की मिळते, आणि तुमच्या रिपोर्टरला ती आमच्यापेक्षा लवकर मिळेल. शक्य असेल तर सुरुवात सेकंडहँड गाड्यांपासून करा.

आपला,
एक नियमित वाचक, सुदामा नगर, इंदूर