‘खालच्या दोन ओळी वाच’ म्हणणाऱ्या दादाला

दादा, त्या रात्री थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं, साइट चालू झाली तसा फोन ठेवला आणि सरळ झोपलो.

काकांच्या दुकानाची साइट नव्या सर्व्हरवर टाकत होतो, कुठल्यातरी व्हिडिओत बघून इंजिनएक्सची (सर्व्हरवरून साइट दाखवणारा प्रोग्राम) कॉन्फिग म्हणजे सेटिंगची फाइल विम नावाच्या एडिटरमध्ये उघडली आणि मग बाहेरच पडता येईना, टाइप काय करतोय, होतंय काय, ओळीच्या ओळी गायब, घाम फुटला अक्षरशः. साडेबाराला तुला उठवलं. तू हसला नाहीस (फोन म्यूट करून हसला असशील तर माहीत नाही). एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. सुटलो बाबा!

मग म्हणालास, सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) लावून तीच फाइल नॅनो नावाच्या दुसऱ्या एडिटरमध्ये उघड आणि खालच्या दोन ओळी मोठ्याने वाच. मला वाटलं खेचतोयस. पण सगळे शॉर्टकट तिथंच लिहिलेले की! टोपीचं चिन्ह म्हणजे कंट्रोल, एम म्हणजे ऑल्ट, एवढं कळल्यावर बाकीचं वाचत वाचत जमलं. फक्त सेव्हला ‘राइट आउट’ का म्हणतात हे डोक्यात शिरेना, कंट्रोल ओ दाबलं की नाव विचारतं, तिथं नुसतं एंटर मारायचं हे तू तीनदा सांगितलंस.

कॉन्फिग फाइल टेस्ट केली तर एरर २३व्या ओळीत. कंट्रोल-अंडरस्कोर दाबून २३वर गेलो, तिथं नुसता बंद कंस, चूक काहीच नाही. तू म्हणालास एक ओळ वर बघ. सेमीकोलन राहिला होता!! स्क्रीन शेअर घेऊन तू दोन मिनिटांत उरकलं असतंस, पण पाऊण तास माझ्याकडूनच टाइप करून घेतलंस.

परवा एडिट करताना लाइट गेली, राउटर बंद, कनेक्शन तुटलं. परत लॉगिन केलं तर मूळ फाइलच्या शेजारी तेच नाव आणि पुढे डॉट सेव्ह अशी फाइल, नॅनोने जाता जाता माझं काम ठेवून दिलेलं. मग जरा वाचलं त्याच्याबद्दल, १९९९ मध्ये ख्रिस अ‍ॅलेग्रेटाने पिको नावाच्या आधीच्या एडिटरसारखा पण मुक्त लायसन्सचा एडिटर हवा म्हणून लिहिला, आधी नाव टिप होतं, नॅनो नंतर झालं.

आणि हो, विम अजून शिकलो नाहीये, विचारू नकोस.