पुन्हा पहिला धडा

चि. सोनू यास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर म्हणालास, "आई, एम.ए. झाल्यावर मला परत पहिलीत बसवलंय." नव्या सरांनी तुझी संगीतरचना बाजूला ठेवून काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या वेगवेगळ्या सुरावटी एकमेकींशी जुळवायचं तंत्र, पहिल्यापासून गिरवायला लावलं. तुझा आवाज पार उतरला होता. फोन ठेवल्यावर मला अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास आठवत राहिले.

बाल्टिमोरमध्ये त्यांच्या वडिलांचं रेकॉर्डचं दुकान होतं. न खपलेल्या रेकॉर्ड वडील घरी आणून रात्री ऐकत बसायचे, का खपल्या नाहीत ते कळावं म्हणून. ऐकता ऐकता तेच संगीत त्यांना आवडू लागलं. त्या घरातला मुलगा 15व्या वर्षी शिकागो विद्यापीठात गेला, मग न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या संगीत विद्यालयाची पदवी मिळवली. आणि 1964 मध्ये, 27 वर्षांचा असताना, पॅरिसला नादिया बूलांजे या नामवंत संगीतशिक्षिकेपुढे बसला. बाईंनी काय केलं? पुन्हा पहिला धडा! रोज तासन् तास काउंटरपॉइंट, बाख, मोझार्ट. दोन वर्षं.

तिथेच पं. रविशंकर एका चित्रपटाचं संगीत करत होते आणि वादकांसाठी ते पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहून काढायचं काम ग्लासकडे आलं. त्यांचे तबलावादक उस्ताद अल्लारखा पुन्हा पुन्हा सांगत, आघात चुकतोय. शेवटी ग्लासनी कागदावरच्या, मात्रांचे ठरावीक भाग पाडणाऱ्या सगळ्या उभ्या रेघा पुसल्या, तेव्हा दोन-तीनचे गट एकापाठोपाठ वाहताना दिसले. तू सहा वर्षांचा असताना ओट्यावर चमच्याने त्रितालाचा ठेका धरायचास, ते मला आठवलं. रेघा तुझ्या कानात नव्हत्याच रे, नंतर आल्या.

पुढची वर्षं ग्लासनी न्यूयॉर्कमध्ये प्लंबिंग केलं, टॅक्सी चालवली. 1976 मध्ये मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये त्यांचा 'आइन्स्टाइन ऑन द बीच' हा ऑपेरा (संगीतनाटक) तुडुंब भरला, तरी कर्ज उरलं आणि ते परत टॅक्सीवर गेले. 1980 मध्ये रॉटरडॅमला त्यांचा गांधीजींवरचा ऑपेरा 'सत्याग्रह' रंगमंचावर आला, तो अख्खा गीतेच्या संस्कृत श्लोकांवर! मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा हातातलं काम तसंच राहिलं होतं.

संध्याकाळी कॅफेत काम करतोस हे बाबांना सांगू नको म्हणालास. मी सांगितलं. ते म्हणाले, "त्याला विचार, बूट चांगले आहेत का? दिवसभर उभं राहावं लागत असेल."

सरांचे धडे वहीत नीट लिहून ठेव, फाडू नकोस. भाजणी आणि मेतकूट पाठवलंय. बुटांचं कळव.

तुझी,
आई