नळ आले, योजना टिकणार कशी?

महोदय,

जलजीवन मिशनने २०१९ पासून प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि माणशी दररोज किमान ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवले. पण आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच आराखडा सर्वत्र चालणार नाही. गगनबावडा, शाहूवाडीच्या डोंगरावर पाऊस धो-धो कोसळतो, तरी उतारावरून तो वाहून जात असल्याने वाड्या-वस्त्यांचे झरे उन्हाळ्यात आटतात. उलट शिरोळमध्ये नदी दाराशी असूनही पंचगंगेच्या प्रदूषणामुळे शुद्धीकरणाचा खर्च वाढतो. पहिल्या ठिकाणी झऱ्यांचे संवर्धन आणि साठवण टाक्या हव्यात, दुसऱ्या ठिकाणी सांडपाणी रोखणे आधी हवे.

योजना बंद पडण्याचे नेहमीचे कारण मात्र पंपाचे थकलेले वीजबिल हेच असते. पाणीपट्टी वाढवायला गावपुढारी कचरतात (निवडणूक कायम जवळच असते!), त्यामुळे मोटार जळाली की दुरुस्तीला पैसा उरत नाही. ग्राम पाणीपुरवठा समितीने वीज, क्लोरीन, दुरुस्ती आणि पाणी सोडणाऱ्याचे मानधन यांचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेत मांडून त्यावरूनच पाणीपट्टी ठरवावी, आणि थकबाकीदारांची यादीही तेथेच वाचावी.

– एक वाचक, कोल्हापूर