तरुण मंडळांना कामाला बोलावता, ग्रामसभेलाही बोलवा

महोदय,

२ ऑक्टोबरची ग्रामसभा जवळ आली, म्हणून हे पत्र लिहीत आहे. फलकावर नोटीस लागेल, नेहमीची वीस-पंचवीस माणसे येतील आणि गणपूर्तीअभावी, म्हणजे किमान हजेरी न भरल्याने, सभा तहकूब होईल. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे पुढच्या खेपेला जे हजर असतील त्यांच्या सह्यांवर पुढच्या वर्षाचा विकास आराखडा मंजूर होईल. गणपूर्तीला लागतात मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतील जो आकडा कमी असेल तो. गणपतीत एकेका मंडळाची पोरे मोजली तरी गावोगाव हा आकडा सहज भरेल.

मी दहा वर्षे मंडळात काम केले. श्रमदान, बंधाऱ्याचा गाळ, शाळेची रंगरंगोटी, प्रत्येक कामाला आम्हाला हाक आली. आराखड्याच्या वेळी मात्र एकदाही नाही. आमच्या वस्तीतली गटारे दर पावसाळ्यात पोरेच मोकळी करत, पाणी कुठून येते आणि कुठे तुंबते हे त्यांना पाठ होते. नवे काँक्रीटचे गटार बांधताना कुणी त्यांना विचारले नाही. उतार उलटा पडला आणि पहिल्याच पावसात पाणी घरांत शिरले. तो खर्च वाया गेल्याचे दुःख मला आजही आहे.

हिवरे बाजारमध्ये १९८९ साली गावातल्या तरुणांनीच पोपटराव पवारांना सरपंचपदासाठी पुढे केले आणि गावाने त्यांना बिनविरोध निवडले. तिथे श्रमदान तर झालेच, पण कुऱ्हाडबंदी, चराईबंदी यांसारखे निर्णयही ग्रामसभेत झाले. पाण्याचा ताळेबंद आजही गावासमोर मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. घाम गाळणारे आणि ठरवणारे तिथे वेगळे राहिले नाहीत, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.

दोष मंडळांचाही आहे. वर्गणीचा हिशेब आम्ही पैशापैशाचा ठेवतो, पण ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर मोबाईलमध्ये दिसतो, तो किती जण उघडून पाहतात? शिवाय मंडळात मुली नसतातच. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. कॉलेजला जाणाऱ्या मुलींनी तिथे तरी आपले विषय मांडावेत.

सरपंच आणि ग्रामसेवकांना माझी कळकळीची विनंती आहे. सभेच्या आठ दिवस आधी विषयपत्रिका प्रत्येक मंडळाच्या हातात द्या. बांधकामाची जागा ठरवण्याआधी त्या वस्तीतल्या चार तरुणांना घेऊन शिवारफेरी करा. मंडळांनीही आपले विषय लेखी द्यावेत, पोच घ्यावी आणि सभेला शेवटपर्यंत बसावे. आमच्या मंडळाने यंदा तीन विषय लिहून दिले आहेत. त्यातला पहिला त्या गटाराच्या उताराचा आहे.

आपला,
एक वाचक