ताटावर स्वतःचं नाव न घालणाऱ्या काकूंना

ती. काकूंना सा. नमस्कार,

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, म्हणून वहिनींना सांगून ठेवलंय. त्या तुम्हाला हे मोठ्यानं वाचून दाखवतील. मध्येच 'पुरे गं' म्हणून उठू नका. समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, म्हणून चार लोकांच्या देखत लिहितेय. परवा कंपनीनं मला कायम केलं. पत्र हातात आलं आणि सगळ्यात आधी कुणाला सांगायचं, याचा विचारच करावा लागला नाही. तेव्हापासून बोलायला गेले की आवाज फुटत नाही.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगते. मी नाशिकरोड स्टेशनवर सापडलेली मुलगी. बालगृहात वाढले. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती, त्यामुळे कागदावर 1 जून लागली. अशाच एका 1 जूनला माझी अठरा वर्षं पूर्ण झाली आणि मी 'बालक' उरले नाही. हॉलमध्ये छोटासा कार्यक्रम झाला. एक साडी, एक बॅग, एक फोटो. आयटीआयची शेवटची परीक्षा तोंडावर होती, ती होईपर्यंत तरी राहू द्या असं मी म्हटलं, पण जागा रिकामी करायची होती. त्याआधी तिथल्या मोठ्या बाई एक स्थळ घेऊन माझ्या मागे लागल्या होत्या. मुलगा कोण, काय करतो, असं विचारलं तर म्हणाल्या, "तू कोण लागून गेलीस चौकशा करायला?" मी नकार दिला. "मग तुझं तू बघ," म्हणाल्या, आणि खरंच त्यानंतर कुणी बघितलं नाही.

पुढे कळलं की 2015 च्या बाल न्याय कायद्यात आमच्यासारख्यांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यावरही आधार मिळण्याची तरतूद आहे. 21 वर्षांपर्यंत, आणि नियमांप्रमाणे अपवाद म्हणून 23 पर्यंतसुद्धा. मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिना 4000 रुपये ठेवलेले आहेत. अनाथ प्रमाणपत्र हातात असेल तर शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आहे, महाराष्ट्रानं 2018 सालीच तसा निर्णय घेतला. यातलं अवाक्षर मला निघताना कुणी सांगितलं नाही. बॅगेत साडीची घडी नीट घातली होती, प्रमाणपत्राचा अर्ज तेवढा कुणाला सुचला नाही. हा राग माझ्या मनातून गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही, कारण दर जूनला तिथून कुणीतरी तशीच बॅग घेऊन बाहेर पडतं.

मैत्रिणींच्या खोलीवर थोडे दिवस काढले. परीक्षा दिली, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत अप्रेंटिस म्हणून लागले आणि खोली शोधायला निघाले. सातपूर कॉलनी, इंदिरानगर, पाथर्डी फाटा. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, "आईवडील कुठे असतात?" खरं सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलायचा. कुणी म्हणे एकट्या मुलीला देत नाही, कुणी म्हणे जबाबदारी कोण घेणार. एका बाईंनी तर मला चहा दिला, माझ्याबद्दल हळहळ व्यक्त केली, डोळे पुसले आणि मग खोली नाही म्हणाल्या. आपल्या नाशिकमध्ये सिंहस्थ आला की लाखो पाहुण्यांची सोय होते, आत्ताही 2027 ची तयारी चालू आहे. त्याच गावात पगारातून भाडं भरायला तयार असलेल्या मुलीला दहा बाय दहाची खोली मिळत नव्हती.

तुमच्या दारात आले तेव्हा मी उत्तरं पाठ करूनच आले होते. तुम्ही विचारलंत, "कामाला कितीला निघतेस? नळाला पाणी सकाळी येतं, तेव्हाच भरून घ्यावं लागतं." मग गाव विचारलंत. मी म्हटलं, संस्थेत वाढले. तुम्ही "बरं" म्हणालात आणि जिना दाखवायला पुढे झालात. भाडेकरार रीतसर केलात. तुमच्यासाठी तो नेहमीचा कागद असेल. माझ्याकडे मात्र पत्ता म्हणून लिहायला दुसरं काही नव्हतं, बँकेचं खातं, गॅस, आधारवरचा बदल, सगळं त्या एका कागदावर झालं.

आणि एक दिवसही तुम्ही मला भाडं सोडलं नाहीत. अप्रेंटिसच्या स्टायपेंडमधून देताना जड जायचं, तरी पाच तारखेला मोजून घेत होतात. माझी कीव करणारे मला खूप भेटले होते. भाडं मागणाऱ्या तुम्ही पहिल्या.

संस्थेत वाढलेल्या मुलीला काय काय येत नाही, हे बाहेरच्याला सांगून खरं वाटणार नाही. साठ जणींची डाळ मला करता यायची, पण एकटीला भात किती टाकायचा ते कळत नव्हतं. मीठ कधी विकत आणलं नव्हतं. लाइटबिलाला शेवटची तारीख असते हे माहीत नव्हतं. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की जेवायचं, त्यामुळे रविवारी घंटा नसलेल्या खोलीत मी नुसती बसून असायची. ताप आला तर आपण आपलं उठून डॉक्टरकडे जायचं असतं, कुणी घेऊन जाईल म्हणून थांबायचं नसतं, हेही तुम्हीच सांगितलंत, आणि चार शब्द सुनावलेतही. पोस्टात आरडी काढायला लावलीत. मी तिला हात लावायला निघाले तेव्हा आधी कारण विचारलंत.

पण मला लिहायचंय ते त्या भांड्यांबद्दल.

पहिला स्टायपेंड झाला तेव्हा मी कागदी प्लेटमध्ये जेवत होते. तुम्ही एकदा वर आलात, पाहिलंत, काही बोलला नाहीत. रविवारी मला भांडीबाजारात घेऊन गेलात. एक ताट, दोन वाट्या, तांब्या-भांडं, एक छोटं पातेलं. दुकानदारानं हसून विचारलं, "लग्न कुणाचं?" आपल्याकडे मुलीला भांडी मिळतात ती लग्नात, त्याचं तरी काय चुकलं? तुम्ही म्हणालात, "लग्न नाही. मुलीनं घर केलंय." त्यानं नाव घालायचं मशीन हातात घेतलं आणि विचारलं, "कुणाकडून घालू?" पैसे तुम्ही दिले होते. तुमचंच नाव यायला हवं होतं. तुम्ही म्हणालात, "कुणाकडून नाही. फक्त तिचं नाव घाल, आणि आजची तारीख."

काकू, तुम्हाला ठाऊक नसेल तुम्ही काय केलंत. आमच्या संस्थेत प्रत्येक वस्तूवर कुणाचं ना कुणाचं नाव होतं. ताटांवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. कपाटावर, पाण्याच्या टाकीवर, पंख्याच्या पात्यांवरसुद्धा. रात्री झोप लागेना तेव्हा मी पंख्यावरचं देणगीदाराचं नाव वाचत पडायची. ज्यांनी दिलं त्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांच्यामुळे आम्ही जेवलो. पण बारा वर्षं दुसऱ्याच्या नावाच्या ताटात जेवलं की घास घेताना मान आपोआप खाली जाते. ती सवय मलाही होती. त्या माणसानं माझं नाव कोरताना एक अक्षर चुकवलं, तर तुम्ही त्याला दुसरं ताट काढायला लावलंत. "तिचं नाव आहे, नीट घाल," म्हणालात. बाजारात, भर गर्दीत, माझ्या नावासाठी कुणीतरी भांडत होतं. मी तिथे रडले नाही. घरी येऊन ताट घासलं, पुसलं, पुन्हा घासलं.

म्हणून या पत्रातही मी तुमचं नाव लिहीत नाहीये. तुम्हाला ते आवडणार नाही.

तुमच्यासारखी माणसं आणखीही भेटली, त्यांचंही सांगायला हवं. आयटीआयमधले एक सर सुटल्यावर थांबून इलेक्ट्रिकल पॅनलचं ड्रॉइंग वाचायला शिकवायचे. इतर मुलींना घरी भाऊ-वडील समजावून सांगतात, हिला कोण सांगणार, हे त्यांनी ओळखलं होतं, पण तसं एकदाही बोलून दाखवलं नाही. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं उधारीच्या वहीत माझ्या नावाचं पान उघडलं, जामीन कोण असं विचारलं नाही. सुपरवायझर मॅडमनी माझ्या पहिल्या वायरिंगमधल्या चुका सगळ्यांसमोर न काढता बाजूला घेऊन दाखवल्या, एकेका वायरचं फेरूल, म्हणजे तिच्या टोकाची नंबराची खूण, तपासायला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी अख्खं पॅनल माझ्यावर सोपवलं. यांच्यापैकी कुणीही समाजसेवा करत नव्हतं. रोजच्या कामात समोरच्याचा मान ठेवायचा एवढंच ते करत होते. एवढं तरी सगळ्यांना जमायला हवं, असं मला फार वाटतं. देणगीची पावती फाडण्यापेक्षा ते अवघड नाही, आणि कार्यक्रमाला येऊन केक कापून जाणाऱ्या किती जणांनी अठरा झालेल्या मुलीला कधी विचारलं असेल की बाई, आता राहणार कुठे?

आता कामाचं बोलते. कंपनीजवळ दोघी मैत्रिणींनी मिळून घर घेतलंय भाड्यानं, करारावर पहिली सही माझी आहे. या महिन्याच्या अखेरीला तुमची वरची खोली मी सोडतेय. ती एवढ्यात कुणाला कबूल करू नका. येत्या 1 जूनला संस्थेतून एक मुलगी बाहेर पडतेय, माझ्या शेजारच्या कॉटवर झोपायची. नर्सिंगचं शिकतेय, शिकवण्या घेते, भाडं वेळेवर देईल. अनाथ प्रमाणपत्राचा आणि अनुरक्षणाचा तिचा अर्ज मी तिच्याबरोबर जाऊन भरून आलेय. डिपॉझिट मी देते, भाडं मात्र तिच्याकडूनच घ्या, पाच तारखेला, मोजून. एकटीचा स्वयंपाक तिलाही येत नाही. रविवारी मी तिला घेऊन येते, खोली दाखवायला. दुपारी चारनंतर तुम्ही घरी असाल ना? वहिनींकडून निरोप द्या.

तुमची,
वरच्या खोलीतली