खाट कुठे ठेवायची

प्रिय मंदे,

आठ महिन्यांनी पत्र, तेही रात्री तीन वाजता लिहिलेलं, म्हणजे तू आधी घाबरशील. घाबरू नकोस. सगळे धडधाकट आहेत. माझा गुडघा आहे तसाच आहे, बीपीची गोळी चालू आहे. संपलं आरोग्यपुराण.

झालंय असं, की पाऊण तासापूर्वी माझा लॅपटॉप काळाठिक्कर पडला होता आणि मी तो परत उठवला. मी! घरात सगळे झोपलेत, आणि उठवून सांगितलं असतं तरी "बरं झालं" म्हणून कूस बदलली असती. यातलं काय ते तुलाच कळेल.

हो, मी विंडोज काढून लिनक्स टाकलंय. आता हसून घे. बंड्याच्या घरी मी सगळ्यांसमोर काय म्हणाले होते ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "हिला काम नसतं म्हणून ही कॉम्प्युटरला झबली-टोपडी शिवत बसते." तू ताट ठेवून उठलीस. मला वाटलं, फोन आला असेल. नव्हता आला, हे मला घरी पोचल्यावर कळलं, आणि कळल्यावरही मी फोन केला नाही. त्याचं पुढे लिहिते. आधी हे ऐक.

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपला ११ चालेना. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप हवी, प्रोसेसर नवा हवा, हे हवं, ते हवं. नवं यंत्र घ्यायचं जिवावर आलं, म्हणून लिनक्सचं मिंट टाकलं. ते तासाभरात झालं. खरी भानगड पुढे. मला वाटायचं लिनक्स म्हणजे एक वस्तू. विंडोज घेतलं की खाली पट्टी, कोपऱ्यात बटण, हे सगळं त्याच्यासोबतच येतं ना? इथे कळलं की गाभा वेगळा, त्याभोवती बांधलेलं मिंट किंवा फेडोरा वेगळं, आणि आपल्याला जे डोळ्यांना दिसतं ते डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट आणखी वेगळं, आणि ते बदलता येतं. मंदे, मला हे सांगायलाच नको होतं कुणी.

तीन आठवडे झाले. स्मरणिकेचं मुद्रितशोधन तसंच पडलंय, सरांचे दोन निरोप येऊन गेले, आणि मी रोज रात्री घर बदलतेय.

मिंटबरोबर सिनॅमन नावाचं डेस्कटॉप आलं होतं. खाली पट्टी, डावीकडे मेनू, सगळं हाताशी. पहिल्याच दिवशी सवय झाली, आणि तिथेच माशी शिंकली. इतकं सोपं म्हणजे हे नवशिक्यांचं असणार, शहाणी माणसं दुसरंच काहीतरी वापरत असणार, असं डोक्यात बसलं. (माझ्या डोक्यात शहाणी माणसं म्हणजे कोण, ते तुला ठाऊक आहे.)

म्हणून पेन ड्राइव्हवर फेडोरा घेतलं आणि त्याचं डेस्कटॉप, ग्नोम, पाहिलं. लॅपटॉपवर काही न टाकता नुसतं चालवून पाहता येतं, ही सोय फार चांगली. तर ग्नोम. वर एक काळी पट्टी, बाकी सारं मोकळं. डेस्कटॉपवर एक चिन्ह नाही. खिडकी खाली लपवायचं बटण मी अर्धा तास शोधलं. बटण नाहीच! नुसती फुली. आपल्या हॉस्टेलच्या रेक्टरबाई आठवतात? "लागणार नाही तुम्हाला ते." तोच सूर. विंडोज चिन्हाची कळ दाबायची, सगळ्या खिडक्या पसरतात, त्यातून निवडायची. दोन दिवस चिडचिड झाली. तिसऱ्या दिवशी हात आपोआप त्या कळीवर जायला लागला आणि मला स्वतःचाच राग आला. मराठी-इंग्रजी बदलायलाही तीच कळ आणि स्पेस. बाई कडक, पण व्यवस्था चोख. फक्त माझ्या चार जीबीच्या मेमरीत ग्नोम आणि ब्राउझर एकत्र नांदेनात, पंखा गिरणीसारखा ओरडायला लागला.

मग तिसरं डेस्कटॉप, केडीई प्लाझ्मा, आणि या वेळी मी शहाणपणा करून ते मिंटमध्येच टाकलं. तिथे 'नाही' म्हणणारं कुणी नाही. पट्टी वर घे, खाली घे, दोन कर, घड्याळाचा फॉन्ट बदल, खिडक्या थरथरव. एका रात्री मी पट्टीच पुसून टाकली आणि ती परत आणायला दीड तास बसले. झबली-टोपडी! तू मोजत असशीलच.

याची जन्मकथा वाचली आणि तुझी आठवण आली. माथियास एट्रिख या विद्यार्थ्याने केडीईची घोषणा केली ती १४ ऑक्टोबर १९९६ ला. तारीख बघ. माझं विंडोज गेलं तीच, २९ वर्षं आधीची. केडीई ज्या क्यूटीवर, म्हणजे खिडक्या-बटणं बनवायच्या तयार सामानावर, उभं होतं, तिचा परवाना तेव्हा पुरता मुक्त नव्हता. त्यावरून वाजलं, आणि १९९७ मध्ये मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केलं. २००० साली क्यूटी जीपीएल या मुक्त परवान्याखाली आली. भांडणाचं मूळच गेलं. पण दोन चुली झाल्या त्या झाल्याच. हे वाचून मी लॅपटॉप मिटून बसले थोडा वेळ.

असो. मोठ्यांचंही ठरत नाही म्हणा. २०११ मध्ये ग्नोम ३ आलं तेव्हा लिनक्सचा जनक खुद्द लिनस टोरवाल्ड्स वैतागून एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपकडे गेला आणि पुढे ग्नोमकडे परतला. मीही एक्सएफसीई पाहिलं. उंदराचं चित्र, हलकंफुलकं, पंखा गप्प. दिसायला मात्र आपल्या वेळच्या कॉम्प्युटर लॅबसारखं. वेलँड आणि एक्स११, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवायच्या नव्या-जुन्या पद्धती, यांचा वाद मी वाचायला घेतला आणि सोडून दिला, तो तू सांग कधीतरी.

आता आजची रात्र. एकावर एक डेस्कटॉप टाकले की घरात दोन सुना आल्यासारखं होतं. दोन फाइल मॅनेजर, दोन टर्मिनल, दोन टेक्स्ट एडिटर. म्हणून ठरवलं, प्लाझ्मा काढायचं. टाकताना त्याने विचारलं होतं, लॉगिनचा पडदा कोण दाखवणार, लाइटडीएम की एसडीडीएम? मी नवं ते एसडीडीएम निवडलं होतं. आज प्लाझ्मा समूळ काढलं, त्याबरोबर तेही गेलं. लॅपटॉप बंद करून चालू केला तर काळोख. मुद्रितं आतच! पोटात गोळा आला.

आणि मग आठवली डायरी. बंड्याचं यंत्र अडकलं होतं तेव्हा तू फोनवरून सांगत होतीस आणि मी मागच्या पानावर उतरवून घेत होते. देवनागरीत! "कंट्रोल ऑल्ट एफ३. नाव, पासवर्ड. सुडो डीपीकेजी रीकॉन्फिगर लाइटडीएम." आता यातलं कुठे जोडायचं, कुठे तोडायचं, ते त्या पानावर नाही. तीनदा "कमांड नॉट फाउंड". चौथ्यांदा मधे आडवी रेघ दिली आणि निळी चौकट आली. लाइटडीएम निवडलं, पुन्हा चालू केलं, आणि समोर माझं नाव. मंदे, मी टाळी वाजवली. एकटीने, अंधारात, हळूच.

आता सिनॅमनमध्येच बसून लिहितेय. म्हणजे निघाले तिथेच आले. पण ठरलं म्हणावं, तर तेही नाही. मघाशी एक्सएफसीईची पट्टी आठवत होती. हॉस्टेलमध्ये तू दर महिन्याला खाट हलवायचीस आणि मी ओरडायचे. "खाट कुठेही ठेव, झोप तीच." तू म्हणायचीस, "तुला जागा बदलली की भीती वाटते." खिडकीपाशी खाट नेण्यावरून आपण चार दिवस बोललो नव्हतो. भीती वाटायची, हे खरंच होतं. तीन आठवडे वाटतेय. नुसती यंत्राची नाही, हातात काम आहे आणि ते मला नीट जमणार नाही, याची जास्त. डेस्कटॉप बदलत असते तोवर मुद्रितं उघडावी लागत नाहीत.

त्या दिवशी जे बोलले ते चुकलं. चारचौघांत बोलले, हे आणखी चुकलं.

तुझ्या सासूबाईंचं ऑपरेशन नीट झाल्याचं बंड्याने सांगितलं. धाकटीचा निकाल लागला का? नवी नोकरी कशी आहे? नीट विचारेन, पुढच्या पत्रात.

कोणता डेस्कटॉप ठेवू ते सांगू नकोस, मी ऐकणार नाही. पण इतकी वर्षं तुझ्या स्क्रीनला नावं ठेवली आणि तू त्यातलं कोणतं वापरतेस, ते कधी विचारलंच नाही. कोणतं गं?

तुझी,
कुमी